ओबी

वणीच्या खाणीत कोळशावरच्या मातीला
आम्ही ओबी म्हणायचो.
साहेबांचा शब्द लांबलचक होता,
डंपरच्या केबिनमध्ये दोन अक्षरं पुरत.
आईला फोनवर ऐकू आलं: ओवी.
सावळजच्या वाटेवर भेटेल त्याला सांगत सुटली,
आमचा सर्जेराव तिकडं ओव्या टाकतो,
पाळीला चौदा-चौदा.

सत्तावीस वर्षं टाकल्या.
काळ्या, पिवळ्या, राखी.
डोंगर नव्हता तिथं डोंगर उठला.
श्रावणात त्याच्या पोटातून धूर यायचा;
आत राहून गेलेला चुकार कोळसा
आपला आपण पेटायचा,
आणि आम्ही वरून माती दाबायचो
तोंड दाबावं तशी.

सर्व्हेअर झाडे – आडनावच तसं –
ढिगाला पायऱ्या पाडून घ्यायचा,
कडेनं वाळा लावून घ्यायचा,
आणि एका गोष्टीवर शिव्या द्यायचा:
सगळ्यात वरची हातभर माती
आधी काढा, वेगळी ठेवा, फळीवर तारीख घाला.
खड्डा भरला की तीच शेवटी वर आली पाहिजे.
फार दिवस ढिगात पडली तर मरते रे ती.
माती मरते हे मी
त्याच्याकडून ऐकलं. खरं वाटलं नाही.

आता गावात आहे.
पंचायतीनं बोलावलं: तुम्हाला खाणीतलं कळतं,
वडारांची खाण बुजवायचीय.
दगडाचीच, कोळशाची नाही. पण खड्डा तो खड्डा.
आमच्या घरचं जातं इथलं.
पाटे, उखळं, देवळाची पायरी, सगळं इथलं.
मग क्रशर आला, तेव्हापासून नुसती खडी.
क्रशर गेला, चुऱ्याचे ढीग राहिले;
वारा सुटला की द्राक्षाच्या घडांवर
औषध मारल्यासारखं पांढरं.
खाली साठ फूट हिरवं पाणी.
त्यात एकदा शेळी गेली,
तिच्यामागं यल्लाप्पा विटकरचा धाकटा भाऊ.
शेळी निघाली.

मी कागदावर रेघा मारल्या.
पाणी उपसा. तळाला दगड, त्यावर चुरा, त्यावर मुरूम.
कडा सरळ ठेवू नका, पायऱ्या पाडा.
माणसं मान हलवत होती.
मग मी विचारलं, वरची माती कुठाय?

कुणी बोललं नाही.
यल्लाप्पानं हातातला हातोडा उचलला
आणि रस्त्यापलीकडं दाखवला:
झांबऱ्यांची बाग.
"मीच भरली हुती. पंधरा रुपये ट्रॉली.
काळी, लोण्यासारखी."

आक्काताई झांबरे औषधाचा पंप धुवत होत्या.
ऐकून घेतलं सगळं, पाणी बंद केलं.
"दिली असती की.
पण ती आता माती कुठं राहिलीय?
द्राक्षं झाली, दुबईला गेली.
थोडी पोरीच्या लग्नात गेली.
तुम्हीबी खाल्लीसा की भाऊ, पेटीच्या पेटी."
खरं होतं. खाल्ली होती.

तरी गेल्या साली वेली उपटल्या त्या कोपऱ्यातली
एक ट्रॉली त्यांनी दिली.
पैसे घेतले नाहीत. बोलल्याही नाहीत पुन्हा.

खड्डा भरायला दोन उन्हाळे गेले.
तोवर ती ट्रॉलीभर माती यल्लाप्पानं
ताडपत्रीखाली ठेवली,
आठवड्यातून एकदा पाणी शिंपडायचा,
मी सांगितलं नव्हतं.
दोन एकरांवर पसरली असती
तर नखाएवढीही जाड बसली नसती.
"कुठं टाकू?" त्यानं विचारलं,
आणि मी काही म्हणायच्या आत
उगवतीच्या कडेला चालू लागला,
जिथं दोर सोडले होते त्या दिवशी.

तिथं आता करंजाची चार रोपं आहेत.
एक जळालं. तरवड आपला आपण आलाय,
त्याला कुणी लावलं नाही.
बाकी सगळा पांढरा भराव,
दुपारी बघवत नाही.

फळी करायला मीच सांगितली.
यल्लाप्पानं खिळे ठोकले, खडू घेतला,
दिवस लिहिला, महिना लिहिला,
आणि थांबला.
"साल कुठलं घालू?
आजचं, का मी काढून नेली तवाचं?"

फळीवर अजून दिवस आणि महिनाच आहे.